आधी पान, मग मत

पुस्तकाबद्दल मत सांगायला उभं राहिलं की बाई आधी पान विचारायच्या. "धडा आवडला" एवढ्यावर सुटका नसे. कुठल्या पानावर आवडला, तिथं काय घडतं, ते चार ओळी वाचून दाखव आणि मग बोल. नावडला असेल तरी हाच नियम. पुण्यातल्या एका मराठी शाळेत त्या आम्हाला मराठी शिकवत. वर्गात त्यांचं बोलणं कमी आणि आमची पुस्तकं चाळण्याचा आवाज जास्त असायचा. मी पुढं ग्रंथपाल झाले आणि सगळी नोकरी पुस्तकं आणि वाचक यांच्यामध्ये उभं राहून केली. पण बाईंच्या त्या नियमात किती माणुसकी भरली आहे, हे मला कळलं ते 'द लेमन ट्री' या पुस्तकामुळे आणि ते वाचून आमच्या वाचक मंडळात एकमेकांशी तावातावानं भांडलेल्या माणसांमुळे. हे लिहिते आहे ते त्यांचं देणं मांडून ठेवण्यासाठी.

बाई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या. त्यांचं मूळ घराणं अलिबाग तालुक्यातलं, पूर्वजांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही माणसं, म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. बाई राहायच्या रास्ता पेठेत, सुक्कथ शलोमो सिनेगॉगपासून चालत जाण्याच्या अंतरावर. घरात काही शुभ झालं किंवा नवस फेडायचा असला की त्यांच्याकडे मलिदा असे. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं आणि एलियाहू हन्नाबीचं स्मरण. आम्हा विद्यार्थिनींसाठी त्या डब्यातून आणत. शाळेच्या वाचनालयाची किल्ली त्यांच्याकडे असे, आणि मधल्या सुट्टीत ती पुष्कळदा माझ्या हातात येई. कॉलेज संपल्यावर माझ्या वडिलांना भेटून "हिला बी.लिब.ला घाला, हिचा जीव कपाटांत रमतो" असं सांगणाऱ्याही त्याच. वडिलांनी ऐकलं. माझ्या आयुष्याची दिशा त्या एका संध्याकाळी ठरली.

पुढं मी एका सार्वजनिक ग्रंथालयात रुजू झाले. तिथं आम्ही वाचक मंडळ सुरू केलं तेव्हा बाई निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. मंडळाची बैठक महिन्यातून एकदा, रविवारी. शनिवार सगळ्यांना सोयीचा होता, पण तो बाईंचा शब्बाथ. त्यांच्याशिवाय बैठक भरवायचा विचारही कुणाच्या मनात आला नाही.

सँडी टोलन या अमेरिकन पत्रकाराचं 'द लेमन ट्री' २००६ साली प्रसिद्ध झालं. ग्रंथालयात त्याची इंग्रजी प्रत आली तेव्हा मी दशांश पद्धतीप्रमाणे तिच्यावर ९५६.९४ हा क्रमांक घातला आणि त्या रात्री सुरू केलेलं पुस्तक संपवूनच ती कपाटात ठेवली. गोष्ट खरी आहे, आणि ती एका घराची आहे. पॅलेस्टाईनमधल्या रमला गावात अहमद खैरी यांनी १९३६ साली दगडी घर बांधलं. बांधकामाला हातभार लावणारा त्यांचा मित्र त्या गावातल्या मोजक्या ज्यूंपैकी एक होता. मागच्या अंगणात अहमद यांनी लिंबाचं झाड लावलं. १९४८ च्या जुलैत इस्रायली फौजांनी लिद्दा आणि रमला ही शेजारशेजारची गावं घेतली. दोन्ही गावांतून मिळून ५० हजारांहून अधिक माणसं बाहेर काढली गेली. खैरी कुटुंब रामल्लाला निर्वासित झालं. बशीर हा त्यांचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बल्गेरियातून बोटीनं आलेलं एश्केनाझी कुटुंब त्या रिकाम्या घरात राहायला आलं. त्यांची तान्ही मुलगी दालिया त्याच अंगणात, त्याच झाडाखाली वाढली.

१९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर रामल्ला आणि रमला यांच्यामधली सीमा उरली नाही, तेव्हा बशीर आपल्या दोन चुलतभावांबरोबर रमलाला आला आणि त्यानं त्या घराची घंटा वाजवली. दार उघडलं दालियानं. तिनं त्यांना आत घेतलं. त्यानंतर तीही रामल्लाला बशीरच्या घरी गेली. बशीरचे वडील अहमद तोवर आंधळे झाले होते. पुढं तेही एकदा जुन्या घरी आले, झाडाच्या खोडावरून हात फिरवत रडले. दालियाच्या वडिलांनी लिंबं तोडून त्यांच्या हातात दिली. पण गोष्ट इथं गोड होऊन थांबत नाही. फेब्रुवारी १९६९ मध्ये जेरुसलेमच्या सुपरसोल दुकानात स्फोट होऊन दोन तरुण मेले. त्या प्रकरणात बशीरला दोषी ठरवण्यात आलं. त्यानं आरोप नाकारला, पण १९८४ पर्यंतची त्याची वर्षं तुरुंगात गेली. १९८८ च्या जानेवारीत इस्रायलनं त्याला लेबनॉनमध्ये हद्दपार केलं, तेव्हा दालियानं 'जेरुसलेम पोस्ट'मधून त्याला उद्देशून जाहीर पत्र लिहिलं. त्यात तिनं स्वतःच्या सरकारलाही जाब विचारला आणि बशीरलाही. आईवडिलांमागं ते घर तिच्याकडे आलं होतं. १९९१ मध्ये तिथं रमलातल्या अरब मुलांसाठी बालवाडी आणि ज्यू-अरब भेटींचं केंद्र सुरू झालं.

ग्रंथालयात नव्या पुस्तकांच्या फळ्याखाली मी शिफारशीची एक ओळ लिहून लावत असे. या पुस्तकासाठी काय लिहावं ते ठरेना, म्हणून ते मंडळात घ्यायचं ठरवलं. ज्यांना इंग्रजी जड जायचं त्यांच्यासाठी मी प्रकरणांचा सारांश मराठीत लिहून काढला.

पहिल्याच बैठकीत दोन बाजू पडल्या. एक सभासद म्हणाले, पुस्तक उघडउघड अरबांच्या बाजूचं आहे, कारण लिद्दा-रमलाची हकालपट्टी लेखकानं इतकी तपशिलात रंगवली आहे. लगेच दुसऱ्या म्हणाल्या, छे, ते इस्रायलच्या बाजूचं आहे, कारण दालिया आपल्याला बहिणीसारखी वाटते आणि बशीर सतत मागण्या करणारा वाटतो. एका वकील सभासदांना लेखकाची मेहनत भावली होती. पुस्तकाच्या शेवटी टिपांची पानंच्या पानं आहेत, कुठला प्रसंग कुठल्या मुलाखतीतून किंवा दप्तरातून आला ते तिथं दिलं आहे, आणि एकही संवाद कल्पनेतून लिहिलेला नाही असं लेखक सांगतो. आणखी एकांचं म्हणणं, असली पुस्तकं वाचून होणार काय, तिकडचं भांडण कधी मिटायचं नाही. आवाज वाढत गेले. बाईंनी नेहमीप्रमाणे शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आधी पान सांगा. मग मत."

खोली गप्प झाली. मग एकेक जण पुस्तक उघडू लागला.

पुढच्या बैठकीला एक नवा माणूस आला. आमच्या एका सभासदांच्या वाड्यात भाड्यानं राहणारा, विद्यापीठात एम.एस्सी. करणारा पॅलेस्टिनी मुलगा. पॅलेस्टिनी विद्यार्थी पुण्याला नवे नव्हते. पुण्यात आणि औरंगाबादेत ते कितीतरी वर्षं शिकायला येत आले आहेत. हा मुलगा रामल्लाच्या अल-अमारी निर्वासित छावणीत वाढलेला. घरमालकांच्या टेबलावर पुस्तक दिसलं म्हणून त्यानं विचारलं आणि त्यांनी त्याला सोबत आणलं. तो हिंदी-इंग्रजी मिसळून बोलायचा. आल्या आल्या त्यानं सांगितलं, "माझी आजी लिद्दाची."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "माझी धाकटी बहीण तिथंच असते," त्या म्हणाल्या. "आता त्याला लोद म्हणतात."

हे मला आधी माहीत असूनही ऐकताना अंगावर काटा आला. बाईंची बहीण १९६० च्या दशकात नवऱ्याबरोबर इस्रायलला गेली होती. बेने इस्रायली कुटुंबं तिकडे दिमोना, अश्दोद, बीरशेबा अशा गावांत वसली, तशी रमला आणि लोद इथंही वसली. लोदमध्ये मराठी बोलणारी माणसं आजही आहेत. इस्रायलमधून निघणाऱ्या 'मायबोली' या मराठी त्रैमासिकाचे अंक ती बहीण बाईंना पाठवायची आणि ते मी ग्रंथालयात वाचायला मागून घ्यायची. ज्या गावाच्या गल्ल्यांबद्दल हा मुलगा आजीच्या तोंडून ऐकत मोठा झाला, त्याच गावातून बाईंना दर रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, फोन यायचा. पुण्यातल्या एका पेठेत, लोखंडी कपाटांच्या मधल्या जागेत, ही दोन माणसं एका गावाची निघाली.

ती लगेच जवळ आली असं मात्र झालं नाही. उलट खरं भांडण तिथून सुरू झालं.

त्या मुलानं पान सांगितलं ते जुलै १९४८ चं. भर उन्हात लिद्दातून चालत निघालेली माणसं, तहान, रस्त्यात टाकून दिलेलं सामान, वाटेत मेलेली म्हातारी माणसं आणि मुलं. हाकलण्याच्या लेखी हुकमावर सही होती यित्झाक राबिन यांची. पुढं पंतप्रधान झालेल्या याच राबिन यांनी आपल्या आठवणींत तो प्रसंग लिहिला, तेव्हा इस्रायली सेन्सॉरनं तेवढा भाग गाळला आणि १९७९ साली तो 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छापून आला. मुलानं ते पान वाचून दाखवलं आणि म्हणाला, माझी आजी या रस्त्यावर चालली आहे, लेखकानं हे नीट लिहिलं म्हणून मी त्याचा आभारी आहे. पण पुस्तकावर माझा राग आहे. दोन माणसं समोरासमोर बसवली की वाचणाऱ्याला ती सारखीच वाटायला लागतात. एकीकडे घर, नागरिकत्व, सैन्य आणि दुसरीकडे नुसती आठवण, हे सारखं कसं? तो पुढं जे म्हणाला ते मी त्या रात्री वहीत उतरवून ठेवलं. अहमद हातात लिंबू घेतो तेव्हा वाचक रडतो. बशीर ठराव १९४ म्हणतो तेव्हा वाचक पान उलटतो.

संयुक्त राष्ट्रांचा तो ठराव डिसेंबर १९४८ चा. शेजाऱ्यांबरोबर शांततेनं राहायला तयार असलेल्या निर्वासितांना लवकरात लवकर घरी परतू द्यावं आणि जे परतणार नाहीत त्यांच्या मालमत्तेची भरपाई द्यावी, असं त्यात म्हटलं आहे. आम्हा बहुतेकांना लिंबाचं झाड लख्ख आठवत होतं. ठरावाचं पान कुणालाच आठवत नव्हतं.

बाईंनी दोन पानं सांगितली. पहिलं सुपरसोलचं. "मेलेल्या त्या दोन मुलांच्या आया या पुस्तकात कुठं आहेत?" त्यांनी विचारलं. "बशीरच्या आईचं दुःख मला पानोपानी दिसतं. ते दिसायलाच हवं. पण त्या दोघी दाराबाहेर उभ्या राहिल्या." लेखक दालियाच्या सद्सद्विवेकावर सगळा भार टाकतो आणि बशीरला त्यातून मोकळं सोडतो, हा त्यांचा आक्षेप होता. मुलगा म्हणाला, तुरुंगातली वर्षं म्हणजे मोकळं सोडणं का? बाई म्हणाल्या, "शिक्षा सरकारनं दिली. मी लेखकाबद्दल बोलते आहे." या मुद्द्यावर दोघांचं शेवटपर्यंत पटलं नाही.

बाईंचं दुसरं पान होतं बल्गेरियाचं. ते प्रकरण त्या मुलानं वाचलंच नव्हतं. युरोपनं केलेलं आम्ही का भोगायचं, असा त्याचा सवाल होता आणि त्या रागानं त्यानं ती पानं ओलांडली होती. बाईंनी त्याला शेजारी बसवलं आणि ती पानं हळूहळू वाचून दाखवली, आम्हाला वर्गात दाखवत तशी. १९४३ च्या मार्चमध्ये बल्गेरियातल्या ज्यूंना नाझींच्या हवाली करण्याची सगळी तयारी झाली होती. तेव्हा संसदेचे उपसभापती दिमितर पेशेव यांनी चाळीसहून जास्त खासदारांच्या सह्या घेऊन विरोध नोंदवला. सोफियाचे धर्मगुरू स्तेफान आणि प्लोवदिवचे किरील उभे ठाकले. बल्गेरियातले सुमारे ४८ हजार ज्यू वाचले, दालियाचे आईवडील मोशे आणि सोलिया त्यांच्यातलेच. पण बल्गेरियाच्या ताब्यातल्या मॅसेडोनिया आणि थ्रेस या भागांतल्या ११ हजारांहून अधिक ज्यूंना गाड्यांत कोंबून पाठवलं गेलं, ते त्रेब्लिंकाला मारले गेले. बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "मोशे आणि सोलिया त्या घरात शिरले तेव्हा त्यांच्या पाठीशी हे होतं. तुझ्या आजीचं दुःख यानं कमी होत नाही. पण हे वाचल्याशिवाय तुला सोलियावर रागावताही येणार नाही."

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझं मत बदललेलं नाही." बाई म्हणाल्या, "बदलावं म्हणून वाचलंच नाही मी."

बाई इस्रायलच्या बाजूनं बोलत होत्या असं म्हणून त्यांना एका कप्प्यात टाकता येत नसे. त्यांच्या बहिणीनं तिकडे गेल्यावर काय सोसलं तेही त्या सांगत. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठानं बेने इस्रायलींच्या लग्नांआधी त्यांचं मातृकुळ तपासायचा फतवा काढला. पिढ्यान् पिढ्या शनिवार पाळलेल्या माणसांना तुम्ही खरे ज्यू का, असं विचारलं गेलं. आंदोलनं झाली, आणि १९६४ साली तिथल्या संसदेनं ते सगळ्या बाबतींत पूर्ण ज्यू आहेत असं जाहीर केलं. "घर मिळालं तरी उंबऱ्यावर उभं करतात माणसाला," बाई म्हणायच्या. पुस्तकात अरब देशांतून आलेल्या, आशियातून आलेल्या ज्यूंचं आयुष्य फार थोडं आलं आहे, ही त्यांची आणखी एक तक्रार होती.

मंडळातले तिसरे वाचक म्हणजे आमचे सिंधी काका. फाळणीच्या वेळी सिंधमधल्या शिकारपूरहून लहानपणी आईवडिलांबरोबर आले, पिंपरीच्या छावणीत वाढले, पुढं तिथं कापडाचं दुकान टाकलं. त्यांनी पान सांगितलं ते एश्केनाझी कुटुंबाला रिकामं घर मिळालं तिथलं. घर सोडून गेलेल्यांची मालमत्ता सरकारी रखवालदाराच्या ताब्यात कशी गेली, हे काकांनी पुन्हा पुन्हा वाचलं होतं. पुढच्या वेळी ते जुनी कापडी पिशवी घेऊन आले. त्यात त्यांच्या वडिलांच्या क्लेमचे कागद होते. शिकारपूरच्या घरात किती खोल्या, कुठली वस्तू, किंमत काय. इस्रायलचा गैरहजरांच्या मालमत्तेचा कायदा १९५० चा, आणि आपल्याकडचा निष्क्रांत मालमत्तेचा कायदाही १९५० चाच. काकांनी दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या तेव्हा आम्हा पुणेकरांना प्रथमच जाणवलं, की हे पुस्तक आपल्यापासून वाटतं तेवढं लांब नाही.

काकांचं मत मात्र बशीरच्या विरोधात गेलं. माणसानं पुढं जायला हवं, असं त्यांचं म्हणणं. आम्ही हातगाडीवर कपडे विकले, परत जाण्याचं नाव काढलं नाही, मुलांना शिकवलं. मुलगा शांतपणे म्हणाला, काका, तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हा हा देश तुमचा होता. तुम्हाला मत देता आलं, दुकान घालता आलं, तुमच्या वडिलांच्या घराची किंमत कुणीतरी कागदावर मान्य केली. आमच्या जमिनींच्या नोंदी संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं केल्या, १९६४ मध्ये ते काम पूर्णही झालं, पण भरपाई कुणाच्या हाती पडली नाही. माझे वडील छावणीत जन्मले, मीही तिथंच. पुढं म्हणजे कुठं जायचं?

काकांनी कागद पिशवीत घातले. महिनाभर ते ग्रंथालयात फिरकले नाहीत. आम्हाला वाटलं दुखावले. पुढच्या बैठकीला आले ते बशीरचं दुसरं एक पान घेऊन. निर्वासित झालेल्या छोट्या बशीरला गाझात खेळण्यासारखी दिसणारी एक वस्तू सापडते, तिचा स्फोट होतो आणि त्याच्या डाव्या हाताची बोटं जातात. तो हात तो कित्येक वर्षं खिशात लपवतो, आणि दालियालाही ते खूप उशिरा, पत्रातून सांगतो. काका म्हणाले, "माझे वडील शिकारपूरबद्दल मरेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मी समजत होतो, ते विसरले." एवढंच बोलून ते बसले. "माणसानं पुढं जायला हवं" हे वाक्य त्यांनी मागं घेतलं नाही. पण त्या मुलाला ते त्यानंतर कधी ऐकवलंही नाही.

शेवटच्या प्रकरणावरही एकमत झालं नाही. अंगणातलं जुनं झाड १९९८ मध्ये वठून गेलं, आणि पुस्तकाच्या अखेरीस अरब आणि ज्यू मुलं मिळून तिथं नवं रोप लावतात. वकील सभासदांना ते आशेचं वाटलं. मुलाला वाटलं, वाचकाला निश्चिंत झोप लागावी म्हणून ते आहे. बाईंना वाटलं, रोप लावणाऱ्या मुलांची गंमत करू नये, पण रोपाकडे बघून पुस्तक मिटूही नये. काका म्हणाले, झाड कुणाचं हे ठरलेलं नसतानाही पाणी कुणीतरी घालावं लागतं.

मला त्या चौघांपैकी एकाच्या बाजूला उभं राहून "हे बरोबर" असं म्हणता आलं असतं. माझीही मतं आहेत. १९४८ साली घरातून काढलेल्या माणसाला घरी परतण्याचा हक्क आहे, असं मला वाटतं. त्या घरात जन्म काढलेल्या माणसाला पुन्हा बेघर करू नये, असंही वाटतं. दुकानात बॉम्ब ठेवण्याला मी कुठल्याही कारणासाठी क्षमा करू शकत नाही. पण ही मतं एकमेकांना इतकी धरून माझ्याकडे आली ती या वाचकांमुळे. पुस्तक मी एकटीनं वाचलं तेव्हा मला झाड दिसलं होतं, दार दिसलं होतं, दालिया दिसली होती. ठराव त्या मुलानं दाखवला, त्रेब्लिंका आणि दाराबाहेरच्या दोन आया बाईंनी दाखवल्या, मालमत्तेचा कागद आणि खिशातला हात काकांनी दाखवला. प्रत्येकाचा आक्षेप हा माझ्या वाचनातली एक रिकामी जागा होती, आणि ती भरून द्यायला त्यांना आपापल्या घरातलं सगळ्यांत जुनं दुःख बाहेर काढावं लागलं. कुठलाही समीक्षक मला हे देऊ शकला नसता.

मुलगा शिक्षण संपवून रामल्लाला परत गेला. जाताना त्यानं बाईंना वाकून नमस्कार केला, तो आमच्यात राहून शिकला होता तसा. पुढं बाई वारल्या. दफनाला काका सगळ्यांत आधी जाऊन उभे होते. मी त्या मुलाला कळवलं तेव्हा त्याचा निरोप आला, की त्यानं त्या दिवशी बल्गेरियाचं प्रकरण पुन्हा वाचलं.

२०२१ च्या मे महिन्यात लोदमध्ये ज्यू आणि अरब शेजारी एकमेकांवर उठले आणि तिथं आणीबाणी लावावी लागली, तेव्हा बाईंच्या बहिणीच्या मुलीचा मला फोन आला. ती मराठीत बोलते, थोडी अडखळत. मग ७ ऑक्टोबर २०२३ आला. हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसं मारली गेली, २५१ जणांना ओलीस धरून नेलं. त्यानंतरच्या युद्धात गाझात बायका, मुलं, म्हातारी माणसं हजारोंनी मेली, वस्त्याच्या वस्त्या भुईसपाट झाल्या. बाईंच्या भाचीनं मला सांगितलं, मावशी ज्या पुस्तकाबद्दल बोलायची ते आता भाबडं वाटतं. त्या मुलाचा बरेच महिने काहीच निरोप नव्हता. शेवटी आला तेव्हा त्यानं लिहिलं होतं, ते पुस्तक आता फार मवाळ वाटतं.

मी दोघांनाही पान विचारलं. बाई असत्या तर त्यांनी हेच केलं असतं. भाचीनं सुपरसोलचं पान सांगितलं, मावशीचंच. मुलानं दालियाच्या जाहीर पत्राचं सांगितलं, ज्यात दोघांकडून बदलाची अपेक्षा आहे. एकाकडे रणगाडे असताना दोघांकडून सारखंच मागणं त्याला आता सहन होत नव्हतं. दोन्ही पानं मी पुन्हा वाचली. सुपरसोलच्या पानावर भाचीची भीती दिसली, पत्राच्या पानावर त्याचा संताप. दोघांना मी काय वाचलं ते लिहून कळवलं. भाचीला मी ठरावाचं पानही सांगितलं आणि मुलाला मेलेल्या त्या दोन मुलांच्या आयांबद्दल बाई काय म्हणाल्या होत्या त्याची आठवण दिली. दोघांपैकी कुणीही मला उलट विचारलं नाही, की तू कुणाच्या बाजूची. याचं श्रेय बाईंचं आहे.

युद्ध सुरू झाल्यापासून ग्रंथालयात हे पुस्तक मागायला पूर्वीपेक्षा जास्त लोक येतात. पुष्कळ जण मत तयार करूनच येतात. काही त्यांच्या बाजूचं पुस्तक आहे ना याची खात्री करून घेतात. मी निवृत्त झाले असले तरी मंडळ चालवते, आणि बैठक अजून रविवारीच भरते. शिफारशीची ती ओळ मी कधी लिहिली नाही. तिच्या जागी एक वही ठेवली आहे. त्यात पान क्रमांक, त्या पानाबद्दल वाचकाचं म्हणणं, आणि खाली दुसऱ्या कुणाचा त्यावरचा आक्षेप. कुणाचंही म्हणणं खोडलेलं नाही. नवा वाचक ते वाचतो आणि आपलं पान घालतो. तावातावानं आलेली माणसं या वहीपाशी जरा थबकतात, कारण तिथं रागावायला आधी वाचावं लागतं.

बाई, काका आणि तो मुलगा यांनी मला जे दिलं ते मी पुढच्या वाचकाच्या हाती देऊ शकते, एवढाच फेडीचा मार्ग मला दिसतो. म्हणून प्रत्येकाला मी तेच सांगते. तुमचं मत ठाम असू द्या, ते मोठ्यानं सांगा, सोडू नका. पण पान सांगा. आणि समोरच्यानं त्याचं पान सांगितलं, तर ते उघडा आणि शेवटपर्यंत वाचा, मगच त्याला उत्तर द्या.